प्लास्टर निघालं, हात अजून परतायचाय

टोकियो ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकची दोनच सुवर्णपदकं होती. एक पुरुषांचं, एक महिलांचं. २६ जुलै २०२१ ला पुरुषांचं पदक ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने जिंकलं. त्याला दोन महिनेही झाले नव्हते, सराव करताना एका गाडीने धडक दिली होती आणि त्याचं कॉलर बोन मोडलं होतं. प्लेट टाकून ते जोडावं लागलं. दुसऱ्याच दिवशी महिलांचं पदक स्वित्झर्लंडच्या योलांडा नेफने घेतलं. तिचाही हात जूनमध्ये एका शर्यतीत पडून फ्रॅक्चर झाला होता. त्याआधी, डिसेंबर २०१९ मध्ये, अमेरिकेत सराव करताना ती इतकी जोरात आपटली होती की प्लीहा फाटली, बरगडी मोडली आणि फुप्फुसालाही इजा झाली.

म्हणजे त्या वर्षीची दोन्ही सुवर्णपदकं नुकतीच हाडं मोडून उठलेल्या लोकांनी नेली. पिडकॉक तर तेव्हा बावीस वर्षांचाही नव्हता. आपल्याच वयाचा.

असल्या गोष्टींचे रील आपल्याला लगेच सापडतात. मागे ढॅणढॅण म्युझिक, आधी हॉस्पिटलचा बेड, मग एकदम पोडियम. मधले आठ आठवडे तीन सेकंदांत उरकलेले असतात. आपण बघतो, पुढे पाठवतो आणि डोक्यात एकच गोष्ट राहते, की जिद्द असली की हाड झटपट जुळतं.

खरं तर ज्या आठ आठवड्यांवर रीलवाल्याने कात्री चालवली, बघण्यासारखे तेच होते. पिडकॉक एका व्यावसायिक संघाचा सायकलपटू. त्याच्यामागे सर्जन होते, डॉक्टर होते, फिजिओथेरपिस्ट होते. आज काय करायचं, किती करायचं आणि कधी थांबायचं, हे सांगणारं कुणीतरी होतं. आपल्याकडे मोडलेल्या हाताला प्लास्टर मिळतं, गोळ्या मिळतात, 'दीड महिन्याने या' असं सांगितलं जातं. दीड महिन्याने प्लास्टर कापतात आणि सगळ्यांच्या लेखी केस तिथेच संपते.

माझं म्हणणं साधं आहे. हाड जुळणं हा बरं होण्याचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे त्या हातापायाला पुन्हा कामाला लावणं. त्याला फिजिओथेरपी म्हणतात आणि ती कुणाची हौस किंवा चैन नाही, तो उपचारच आहे. जळगाव-धुळ्याकडे हा दुसरा अर्धा भाग आपण फार सहज सोडून देतो. दवाखाना सोडतो, घरचे सोडतात, कॉलेज सोडतं आणि आपणही सोडतो.

सायकली आल्या, पुढचं आलं नाही

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे गिअरच्या सायकली वाढल्यात, हे सांगायला आकडे नकोत. सकाळी मेहरूण तलावाला चक्कर मारा, दिसतील. धुळ्यात नकाणे तलावाच्या रस्त्याला दिसतील. सुट्टीच्या दिवशी लळिंगच्या पायथ्याला, पाटणादेवीकडे, पालच्या रस्त्याला जाणारी पोरंपोरीही दिसतील. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, तेव्हापासून उत्तर महाराष्ट्रात सायकलकडे बघायची नजर बदलली. सायकल म्हणजे गाडी नाही म्हणून चालवायची गोष्ट, हे मागे पडलं.

ही चांगलीच गोष्ट आहे. पण जाड टायरची सायकल घेतली की ती डांबरावर राहत नाही. मुरुमाचा उतार बघितला की हात शिवशिवतात. आपल्या टेकड्यांवर सुटी खडी, काळ्या दगडाचे कपरे, उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती आणि पावसाळ्यात त्याच मातीचा चिखल. उतारावर घाबरून पुढचा ब्रेक कचकन दाबला की पुढचं चाक थांबतं, माणूस थांबत नाही. तो हँडलवरून पुढे जातो.

पडताना प्रत्येक जण एकच करतो, हात पुढे टेकवतो. शरीराचं सगळं वजन आणि वेग तळहातावर येतो. मग मनगट जातं, नाहीतर कोपर, नाहीतर धक्का वर चढत खांद्यापर्यंत जाऊन कॉलर बोन मोडतं. खांद्यावर सरळ आपटलं तरी कॉलर बोनच. सायकलवाल्यांचं ते ठरलेलं हाड आहे.

यातलं एक हाड मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. अंगठा ताणून वर केला की मनगटाशी एक छोटा खड्डा दिसतो. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं. तरुण पोरांमध्ये हात टेकून पडल्यावर ते बरेचदा मोडतं आणि पहिल्या एक्स-रेत दिसलं नाही असंही होतं. 'मोच आली असेल' म्हणून आपण क्रेप बँडेज बांधून मोकळे होतो. पण या हाडाला रक्तपुरवठा बेताचाच असतो, त्यामुळे दुर्लक्ष झालं तर ते जुळतच नाही आणि पुढे मनगट कायमचं कुरकुरतं. पडल्यानंतर त्या खड्ड्यात दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे नॉर्मल आला तरी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. अशा वेळी हात बांधून ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा एमआरआय करतात.

भाकरी थापता येईना

धुळ्याची माझी एक मैत्रीण गेल्या वर्षी लळिंगच्या बाजूला उतारावर पडली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते काढायला ती घरच्यांसोबत दवाखान्यात गेली. बाहेर शंभरेक माणसं रांगेत. प्लास्टर कापलं, एक्स-रे बघितला, हाड छान जुळलंय म्हणाले, 'हळूहळू हालचाल सुरू करा' म्हणाले, आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

हळूहळू म्हणजे किती? हालचाल म्हणजे कोणती? दिवसातून किती वेळा? दुखलं तर करायची की थांबायचं? यातलं काहीच कागदावर नव्हतं. डॉक्टर वाईट होते असं मी म्हणत नाहीये. रांगेतल्या शंभर माणसांचा हिशेब केला तर एकाच्या वाट्याला किती मिनिटं येतात, हे कळतं. पण नुकसान व्हायचं ते झालंच.

तिचा हात बारीक झाला होता, कातडी कोरडी पडली होती. हे ठीक आहे, ते होतंच. पण महिन्याभरानंतरही तळहात वर करता येत नव्हता. दुकानदाराने सुटे पैसे दिले तर ते डाव्या हातात घ्यायचे. पातेलं कलतं करता येईना. भाकरी थापायला बसली तर मनगट वळेना. पेपरला तीन तास लिहिणं तर दूरच. आणि घरात सगळे म्हणत होते, 'बरा झाला ना हात!' एक्स-रेत बरा झालाच होता.

शेवटी कॉलेजातल्या कुणीतरी फिजिओथेरपिस्टकडे जायला सांगितलं. दोन महिने ती व्यायाम करत होती, तेव्हा कुठे हात वळायला लागला. तेच व्यायाम प्लास्टर निघालं त्या दिवशी सुरू झाले असते तर त्रास बराच कमी झाला असता. खरं म्हणजे प्लास्टर असतानाच बोटं, कोपर, खांदा हलवत राहायचं असतं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

हाडाला काम लागतं

हे सगळं का लागतं, ते समजून घेतलं तर कंटाळा थोडा कमी होतो. हाड मोडलं की तिथे आधी रक्त साकळतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्या जागी मऊ जोड तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरत जाऊन तो कडक होतो. मोठ्या माणसांत याला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. कोणतं हाड, कसं मोडलं, यावर ते ठरतं. पण काम तिथे संपत नाही. तो ओबडधोबड जोड घासूनपुसून मूळ आकाराला आणायचं काम शरीर पुढे कित्येक महिने, कधी वर्षभराच्याही पुढे करत राहतं.

या कामाला दिशा मिळते ती भारातून. ज्युलिअस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ मध्ये मांडलं, की हाडावर ज्या दिशेने ताण येतो त्या दिशेने ते मजबूत होत जातं आणि ताण गेला की ते ढिलं पडतं. स्नायूंचं तर त्याहून अवघड. बांधून ठेवलेला हात काही दिवसांतच बारीक व्हायला लागतो. सांधा हलला नाही की तो आखडतो. म्हणजे जे प्लास्टर हाड वाचवतं, तेच बाकीच्या हाताला नुकसानही करत असतं. ते नुकसान भरून काढायला फिजिओ.

यातली सगळ्यात भारी गोष्ट आपल्या सायकलशीच जोडलेली आहे. सोव्हिएत काळात सायबेरियातल्या कुर्गानमध्ये गाव्रिल इलिझारोव्ह नावाचे डॉक्टर होते. मोडलेल्या पायाभोवती गोल कड्या आणि हाडातून आरपार गेलेल्या ताणलेल्या तारा, अशी चौकट त्यांनी १९५०च्या दशकात तयार केली. सुरुवातीला त्यांनी सायकलचे स्पोकच वापरले होते असं सांगतात. रचनाही चाकासारखीच. ही चौकट लावलेल्या पेशंटला ते झोपवून ठेवत नसत, त्याच पायावर चालायला लावत. इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी याचा पाय वर्षानुवर्षं नीट जुळला नव्हता. १९८० मध्ये तो कुर्गानला गेला आणि बरा होऊन आला, तेव्हा पश्चिम युरोपातल्या डॉक्टरांचे डोळे उघडले. आज आपल्याकडेही अवघड फ्रॅक्चरला ही 'रिंग' लावतात. चालणं हा उपचाराचाच भाग आहे, हे तिकडे सत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं. आपल्याकडे अजूनही 'हात हलवू नको, मोडशील' हीच काळजीची भाषा आहे.

'आमच्या आजोबांना कुठे फिजिओ होता?'

हा प्रश्न येणारच. उत्तर असं, की आजोबांच्या हाताकडे एकदा नीट बघा. प्रत्येक गावात एक तरी माणूस असतो, बैलगाडीतून पडून हात मोडलेला, हाडवैद्याने बांधलेला. 'जुळला की!' म्हणतात. पण त्या हाताने वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का? सदऱ्यात हात घालताना आधी कुठला हात घालतात? माणसं तक्रार करत नाहीत, जमवून घेतात. जमवून घेणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वयाच्या विशीत पन्नास वर्षांसाठी जमवून घ्यायचं का, एवढाच प्रश्न आहे.

हाडवैद्यांबद्दल बोलायचं तर गावात दुसरं काही नव्हतं तेव्हा त्यांनीच लोकांना सांभाळलं, हे मान्य. पण बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधलेला हात आतून सुजतो तेव्हा रक्त अडतं. बोटं सुजली, गार किंवा निळसर पडली, मुंग्या आल्या, बोटं ताणल्यावर असह्य दुखलं, तर काही तासांतच स्नायू कायमचे जाऊ शकतात. प्लास्टर आवळलं असेल तरी हेच लागू आहे. अशा वेळी 'सकाळी बघू' म्हणायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. आणि मॉलिश? मोडलेल्या कोपराला तेल लावून रगडलं, ओढून सरळ केलं, तर स्नायूतच हाड धरायला लागतं आणि कोपर आणखी आखडतं. प्रेमाने केलेली मॉलिशसुद्धा नको.

तसंच खाण्याचं. जळगावात काहीही झालं तरी केळी खा म्हणतात. आपल्या केळीला २०१६ मध्ये जीआय मिळालाय, अभिमान आहेच. पण हाडासाठी लागणारं कॅल्शियम केळीत जवळपास नाहीच, शंभर ग्रॅममध्ये पाच-सात मिलिग्रॅम. तेवढ्याच नागलीत साडेतीनशेच्या आसपास असतं. तिळात त्याहून जास्त. दूध, दही, अंडी, डाळी आणि आपली उडीद घातलेली कळण्याची भाकरी, हे जास्त कामाचं. केळी आवडते म्हणून खा, औषध म्हणून नको. आणि कॉलेजबाहेरच्या टपरीवर सिगारेट ओढणाऱ्यांना एक निरोप आहे. सिगारेट ओढणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात, कधी जुळतच नाहीत, हे डॉक्टरांना पुन्हा पुन्हा दिसलंय. निदान तेवढे तीन महिने तरी सोडा.

मुलगी पडली तर

मुलगा पडला की दोन दिवस ओरडा बसतो आणि तिसऱ्या दिवशी प्लास्टरवर मित्रांच्या सह्या होतात. मुलगी पडली की घरात वेगळीच मीटिंग भरते. 'आते बस व्हयनं, सायकल इकी टाक.' पाठोपाठ कुणीतरी लग्नाचं काढतं. हात वाकडा राहिला तर, खांद्यावर टाक्यांचा व्रण दिसला तर. हात वळतोय का, तिला लिहिता येतंय का, हा प्रश्न त्या यादीत शेवटी असतो.

गंमत बघा. हात वाकडा राहू नये अशी खरंच काळजी असेल तर फिजिओवर खर्च करायला हवा. पण खर्च वाचवायचा म्हटलं की पहिली काट तिथेच बसते. सायकल मात्र लगेच विकली जाते. संगमनेरच्या प्रणिता सोमणने माउंटन बाइकमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव कमावलं. संगमनेर काही युरोपात नाही. तिथल्या मुलीला जमतं, तर आपल्याकडच्या मुलीचं पहिलं फ्रॅक्चर हे शेवटचं रायडिंग का ठरावं?

घरच्यांची भीती मला खोटी वाटत नाही. पोरीला वेदनेत बघितलेलं असतं, दवाखान्याचं बिल भरलेलं असतं. पण सायकल विकल्याने भीती जात नाही, ती फक्त मुलीच्या नावावर चढते. नंतर ती स्कूटीवरसुद्धा घाबरत बसते. हळूहळू, सपाट रस्त्यावर, कुणाच्या तरी सोबतीने पुन्हा सायकलवर बसणं हासुद्धा फिजिओचाच एक भाग आहे, फक्त मनाच्या.

पैसे, एसटी आणि हजेरी

आता खरी अडचण. फिजिओला रोज किंवा दिवसाआड जावं लागतं. गाव पारोळ्याजवळ, नाहीतर साक्रीजवळ. रोज जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढा आधार. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या कुटुंबांसाठी खुली आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. ऑपरेशनची वेळ आली तर दवाखान्यात पहिल्याच दिवशी तिची चौकशी करा. पण ही योजना मुळात दवाखान्यात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांभोवती बांधलेली आहे. प्लेट बसवायला सरकार पैसे देणार आणि ती प्लेट बसवलेला हात हलवायला शिकवायचं म्हटलं की पेशंटने खिशात हात घालायचा, हे गणित बदलायला हवं.

तोपर्यंत काय? जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आणि त्यांची रुग्णालयं आहेत. तिथे अस्थिरोग विभागात फिजिओथेरपीबद्दल विचारा. रोज जाणं जमत नसेल तर फिजिओथेरपिस्टला सरळ सांगा, 'आठवड्यातून एकदा येईन, बाकीचं घरी करण्यासारखं शिकवा.' मोबाइलमध्ये व्हिडिओ काढून घ्या. यूट्यूबवर बघून करण्यापेक्षा हे कधीही चांगलं, कारण यूट्यूबवाल्याने तुमचा एक्स-रे बघितलेला नसतो.

दवाखान्यांकडे एकच मागणी आहे आणि तिला फार पैसे लागत नाहीत. प्लास्टर काढलं की हातात एक छापील कागद द्या, मराठीत. मनगटाचा वेगळा, कोपराचा वेगळा, खांद्याचा वेगळा. कोणती हालचाल, किती वेळा, किती दुखणं चालेल, काय दिसलं तर परत यायचं. डॉक्टरांची दोन मिनिटं पुरत नसतील तर हा कागद पुरेल.

कॉलेजांकडेही मागणी आहे. प्लास्टर दिसतं तोवर सगळे सर-मॅडम समजून घेतात. प्लास्टर निघालं की 'आता काय झालं?' सुरू होतं आणि ७५ टक्के हजेरीचा नियम पुढे येतो. फिजिओच्या वेळा वैद्यकीय रजेत धरायला हव्यात. परीक्षा तोंडावर असेल आणि लिहिता हात मोडला असेल तर शेवटच्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि लेखनिक मिळू शकतो का ते विचारा. प्लास्टर निघाल्यावरही हात तीन तास लिहू शकत नसेल तर तेही प्रमाणपत्रात लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच टिकत नाही.

परत उतारावर जायचंय ना?

जायचंच आहे. हा लेख घाबरवायला नाही. पण 'आठ आठवड्यांत गोल्ड' हे डोक्यातून काढा. हाड जुळलंय असं डॉक्टरांनी सांगितलं का? दुसऱ्या हाताइतका हा हात वळतो का? ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबून काही वेळ धरून ठेवता येतो का? हात टेकून भिंतीला रेलल्यावर दुखतं का? या प्रश्नांची उत्तरं ठीक आली की आधी सपाट डांबरी रस्ता, मग कच्चा, मग उतार. ज्या हेल्मेटने मार खाल्ला ते वरून धड दिसलं तरी बदला, ते एकाच जोरदार धक्क्यासाठी बनवलेलं असतं. सायकलचं हँडल आणि फोर्क मेकॅनिककडून तपासून घ्या. माणसाला प्लास्टर घालतात, पण सायकलची तडा गेलेली फ्रेम आपण तशीच पळवतो.

शेवटची गोष्ट आपल्या ग्रुपवाल्यांसाठी. राइड ठरवताना रूट, ब्रेकफास्टचा पॉइंट, फोटोचा स्पॉट सगळं ठरतं. कुणाच्या बॅगेत हात गळ्यात बांधायला एक त्रिकोणी फडकं आहे का, जवळचा एक्स-रे कुठे होतो, घरी फोन कोण करणार, हेही ठरवा. कुणी पडलं की पहिल्या दिवशी दवाखान्यात सगळे जातात, बिस्किटचे पुडे नेतात, सेल्फी काढतात. पहिल्या दिवशी तिथे गर्दी असतेच. तुमची खरी गरज असते आठव्या आठवड्यात. तेव्हा हात बाहेर आलेला असतो पण चालत नसतो, घरचे 'बरा झालास ना' म्हणत असतात आणि ग्रुपमध्ये पुढच्या राइडचे मेसेज येत असतात. तेव्हा त्याला किंवा तिला गाडीवर मागे बसवून फिजिओला घेऊन जा. बाहेर बाकड्यावर अर्धा तास बसा. महिन्यातून चार वेळा एवढं केलंत, तरी तो हात लवकर परत येईल.